अर्थची पिन कापून शांतता मिळवणाऱ्यांसाठी

तारतम्य
“स्पीकर जोडले की घरघर येते? पीसीच्या प्लगची अर्थ पिन काढून टाका, दोन मिनिटांत शांतता,” असा सल्ला परवा कुणीतरी टाकला आणि खाली ‘चाललं, धन्यवाद’ म्हणणाऱ्यांची रांग लागली. चालणारच! पीसीला अर्थिंग, ॲम्पला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) अर्थिंग, वर ऑडिओ केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) दोघांना पुन्हा जोडते. त्या वेटोळ्यातून, म्हणजे लूपमधून, ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि ॲम्प त्यालाच गाणं समजतो. वेटोळं कुठंही तोडा, आवाज थांबतो. पण तोडायला नेमकी जीव वाचवणारी तारच सापडली का?

एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायच्या, तोंडाशी फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे वाय कपॅसिटर कॅबिनेटच्या पत्र्यावर उतरतात. अर्थ काढलं की पत्रा अधांतरी. २३० व्होल्टच्या लाइनवर मल्टीमीटर ११५ च्या आसपास दाखवतो. कपॅसिटर ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर करंट जेमतेम ०.३४ मिलिॲम्पिअर, म्हणून हाताला नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत फेज पत्र्याला टेकला, तर तो सगळा करंट ऑडिओ केबलच्या जाळीतून ॲम्पच्या अर्थकडे धावणार. केसाएवढ्या तारांच्या जाळीला तुम्ही अर्थिंगची तार करून ठेवलीत. शिवाय आरसीए या गोल ऑडिओ प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याआधी टेकते. चालू ॲम्पला तो प्लग खोचून बघा, स्पीकरमधून कसला दणका येतो ते.

तोडायचं तर सिग्नलच्या बाजूला तोडा. ऑप्टिकल केबल (तारेऐवजी प्रकाशानं सिग्नल नेते), नाहीतर लाइन लेव्हलचा १:१ ट्रान्सफॉर्मर (अगदी चिमुकला घेऊ नका, खर्जात फाटतो). त्याआधी पीसी आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा.

पंखाबंद
व्याख्यान झकास. पण शांत पीसीवाल्यांचं निम्मं दुखणं घरघर नसतंच. माउस हलवला की चिर्र, स्क्रोल केलं की किरकिर. त्यावर अर्थिंगचं पुराण म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पुढचा हेडफोन जॅक सोडा आणि मागचा वापरा, एवढंच औषध. पुढच्या जॅकची वायर अख्खा मदरबोर्ड ओलांडून, बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाला खेटून जाते. स्वस्त कॅबिनेटांत तिचं ग्राउंड आणि पुढच्या यूएसबीचं ग्राउंड एकाच टीचभर पट्टीवर. यूएसबीचा करंट हलला की हेडफोनचं शून्य हलतं. काचेला आणि रंगीत दिव्यांना पैसे आहेत, दोन ग्राउंड वेगळी ठेवायला नाहीत!

जाळीदार
‘एवढंच औषध’ कसं? मागच्या जॅकला ॲम्प लावला तरी तीच चिरचिर येऊ शकते. पीसीच्या आतला कचरा लूपच्या वाटेनंही बाहेर पडतो. ओळखायची रीत सोपी आहे. ॲम्प काढा, मागच्या जॅकला फक्त हेडफोन लावा. चिरचिर राहिली तर दोष आतला, गेली तर लूप. मग ॲम्प परत जोडून एकेक केबल उपटा: आधी एचडीएमआय, मग जाळीवाली लॅन केबल. साध्या बिनजाळीच्या लॅनमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, ती निर्दोष; जाळीवालीचं धातूचं टोक पत्र्याला पत्रा जोडतं. आणि केबलवर चढवायचे फेराइटचे मणी विकत घेणाऱ्यांनो, ते मेगाहर्ट्झसाठी असतात. ५० हर्ट्झला त्यांचा पत्ताही लागत नाही.

खटका
केवढी उपटाउपट! बायॉसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) जा, सी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरची रिकाम्या वेळची झोप, बंद करा, चिरचिर संपली. केबलला हात लावायची गरज नाही.

पंखाबंद
संपली, आणि पंखा सुरू झाला! प्रोसेसर सेकंदाला शेकडो वेळा झोपतो-उठतो, दर वेळी व्हीआरएममधून (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरच्या सर्किटमधून) करंटचा झटका जातो, तो ऐकू येतो, इथवर बरोबर. झोपच काढून घेतलीत तर झटके थांबतील, पण रिकामा बसलेला पीसीही जास्त वॅट खाईल. आम्ही पंखा कमीत कमी फेऱ्यांवर यावा म्हणून तापमान-वेगाचा कर्व्ह घासत बसतो आणि तुम्ही चोवीस तास हीटर लावायला सांगता.

खटका
हीटर? थोड्याशा वॅटवरून केवढा हा थयथयाट. अर्धे लोक ज्याला ‘ग्राउंड नॉइज’ म्हणतात ती कॉइलची (करंटनं थरथरणाऱ्या गुंडाळलेल्या तारेची) शिट्टी असते, आणि तीही सी-स्टेट बंद केल्यावर जाते.

जाळीदार
कधी जाते, कधी नाही. शिट्टी तारेत नसते, हवेत असते. हेडफोन काढून ठेवा, कागदाची नळी करून कानाला लावा आणि उघड्या कॅबिनेटवर फिरवा. कार्ड शिट्टी वाजवतंय की एसएमपीएस, लगेच कळतं. कार्ड असेल तर फ्रेम रेटला लगाम घाला, मेनूच्या पडद्यावर हजार फ्रेम काढण्यात काय हशील? एसएमपीएस असेल तर मोठ्या वॅटचा आणून फरक पडेलच असं नाही. हलक्या लोडवर काही एसएमपीएस थांबूनथांबून पल्स सोडतात आणि ती थांबाथांब नेमकी ऐकू येण्याच्या पट्ट्यात पडते.

खटका
बरं. निदानासाठी पाच मिनिटं सी-स्टेट बंद, मग परत चालू. झालं समाधान? आता ज्यांच्या बोर्डावर ऑप्टिकलच नाही त्यांनी काय करायचं, तेही सांगून टाका.

तारतम्य
यूएसबी डॅक (पीसीबाहेर ऑडिओ सिग्नल तयार करणारी डबी) आणि मध्ये आयसोलेटर (डेटा जाऊ देतो, ग्राउंड तोडतो). सेकंदाला १२ मेगाबिटचा, म्हणजे यूएसबी ‘फुल स्पीड’चा, पुरतो: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे ४.६ मेगाबिट. १९२ ला ९.२ लागतात, पण फुल स्पीडच्या एका मिलिसेकंदात ऑडिओचे जास्तीत जास्त १०२३ बाइट जातात, म्हणजे ८.२ मेगाबिट. नाही बसत. डॅक आयसोलेटरच्याच वीजेवर चालणार असेल तर तो किती मिलिॲम्पिअर देतो तेही बघा.

आणि मूळ मुद्दा राहिलाच. पिन कापण्याआधी सॉकेट मोजलाय कुणी? पीसी लावलेला असताना त्याच बोर्डावर फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दोन्हीकडे ११५ च्या आसपास दिसलं तर अर्थ तुटलेलंच आहे. आणि भारी लोड चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ ठार शून्य असेल, तर कुणी तरी सॉकेटमध्येच दोघांची गाठ मारली असल्याची शंका घ्या. मागे कुठं न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट फेजवर. तिथं स्वतः करामती न करता वायरमनला बोलवा.

पंखाबंद
सॉकेटचं मान्य, मोजायलाच हवं. लूपचंही मान्य, नाइलाजानं. पुढच्या जॅकबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.