मदत हवी आहे: देवावर सोपवायचं की दाद मागायची?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. कामाच्या ठिकाणी दुसऱ्याची चूक माझ्या नावावर घातली गेली आणि माझी बढती हुकली. खुलासा लिहून तयार आहे, पण आठ दिवस झाले, घडी घालून ड्रॉवरमध्ये पडलाय. रोज काढते, वाचते, परत ठेवते.

रात्री बायबलमधलं ९१ वं स्तोत्र वाचते. देव माझा आश्रय आहे, यावर माझा मनापासून विश्वास आहे. रोमकरांस पत्राच्या १२ व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, सूड घेऊ नका, ते देवावर सोडा. पण फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके बसल्यावर तोच पौल तुरुंगातून गुपचूप निघून जायला तयार नव्हता; अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं ठणकावलं (प्रेषितांची कृत्ये १६). प्रभू येशूनंही चपराक बसल्यावर 'मला का मारतोस?' असं विचारलंच की (योहान १८:२३). म्हणजे दुसरा गाल पुढे करणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, असं मला वाटतं.

अडचण माझ्या मनाची आहे. मला न्याय हवाय की त्या माणसाची फजिती बघायचीय, हेच कळत नाही. प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायला जाते आणि शब्द घशातच अडकतात.

तक्रार करूनही मनात कटुता येऊ दिली नाही, असं तुमच्यापैकी कोणाला जमलंय का? कसं? खुलासा शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे. प्लीज, प्रार्थनेतही आठवण ठेवा.