गरुड खरंच चोच आपटून तोडतो का हो?

रानपाखरू: काल ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये परत तीच गोष्ट. चाळिशी आली की म्हणे गरुड डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नवी आली की तिने नखं उपटतो, मग पिसं उपटतो आणि १५० दिवसांनी उडाला की अजून ३० वर्षं जगतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या डोक्यात एकच, अहो पाच महिने बिनचोचीचा हा खाणार काय, डबा पोचवतं का कोणी? माहिती असेल तर प्लीज सांगा, लेकीलाही शाळेत हेच सांगितलंय आणि तेव्हापासून ती काळजीत आहे.

दुर्बीणवाला: काय खाणार, उपाशी मरणार. चोच म्हणजे आत हाड आणि वर केराटिनचं आवरण, आपल्या नखासारखं, ते जन्मभर वाढतं आणि वापरून झिजतं, तोडायची गरजच नाही. पिसंही थोडी थोडी गळून नवी येतात, सगळी एकदम गेली तर उडणार कसा? आणि ७० वर्षं कुठली काढली यांनी! अमेरिकेतला बाल्ड ईगल रानात साधारण २०-३० वर्षं जगतो, पायात रिंग घातलेल्यांपैकी सगळ्यात म्हातारा सापडला तो ३८ चा. म्हणजे चाळिशीत डोंगरावर जायला उरलंय कोण?

चहाबाज: आमच्या ग्रुपवर सिंह असतो, रोज पहाटे उठून पळायला लागणारा. अहो तो दिवसाचे १६ ते २० तास लोळत असतो, शिकार जास्त करून रात्री, आणि आफ्रिकेत तर तीही बरीचशी माद्याच करतात. वर ‘सिंह एकटा चालतो’ आहेच. मांजरांच्या कुळात कळप करून राहणारा तोच की! एकटा फिरतो तो आपला ताडोबाचा वाघ.

सदानंद_६२: अहो पण गोष्टीतला अर्थ घ्यावा, एवढा कीस कशाला?

दुर्बीणवाला: काका, अर्थ घ्या की, पण मग गरुडाचं नाव कशाला? लांडग्यांचं ‘अल्फा’ प्रकरण बघा, म्हणजे कळपात मारामारी करून एक जण दादा होतो ही समजूत. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती खूप पसरली, पुढे त्यांनीच सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि पोरं, आणि ते पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. चूक कळल्यावर एवढं करणारा माणूस मला जास्त मोटिवेट करतो.

रानपाखरू: थँक्यू सगळ्यांना. लेकीला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, म्हणजे त्याला दुखत नाही ना? नाही म्हटल्यावर जेवायला बसली.