किल्ट घालून वेस्ट हायलँड वे : अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

कोंडुरा_ते_क्लाइड

नमस्कार मंडळी. ग्लासगोत येऊन चार वर्षं झाली. मेच्या शेवटी वेस्ट हायलँड वे ही स्कॉटलंडमधली लांब पायवाट चालायचा बेत पक्का केलाय. मलगाय (पाटीवर वाचाल मिल्नगाव्ही, पण म्हणतात मलगाय) ते फोर्ट विल्यम, १५४ किलोमीटर, आठ दिवस.

धागा काढायचं कारण म्हणजे पँट. इथल्या पावसात वॉटरप्रूफ पँट चढवली की बाहेरून पाणी येत नाही, पण आतून घामाने भिजायला होतं आणि मांड्या काचतात. गेल्या ऑक्टोबरात कॉनिक हिलवर एक साठीचे गृहस्थ किल्टमध्ये (इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, निऱ्यांचा घागरा) भेटले. पावसाची सर थांबल्यावर त्यांनी भिंतीला टेकून रुमालाने पोटऱ्या पुसल्या, झालं, कोरडे. मी घरी पोचेपर्यंत ओलाच होतो. आमचे आजोबा चिखलणीला पंचा नेसून उतरायचे ते आठवलं. पाय धुतले की काम संपलं.

तर किल्ट खरंच चालण्यासाठी घ्यावा का? लोकरीचाच हवा का? मिजचं (चावणाऱ्या बारीक माश्यांचं) काय करायचं? आणि पाठीवर बारा किलोची सॅक असताना कंबरेचं गणित कसं जमतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाट

नक्की घ्या. मी इन्व्हरनेसला आहे, नऊ वर्षं डोंगरात किल्टच घालतो. पण कोणता घेताय यावर सगळं अवलंबून आहे.

लग्नात दिसतो तो आठ वारी, १६ औंसाच्या कापडाचा किल्ट घेऊ नका. (औंस म्हणजे एक वार कापडाचं वजन.) तो पावणेदोन किलोच्या पुढे जातो, भिजला की आणखी जड, आणि त्याच्या निऱ्या परत बसवणं म्हणजे दिवसाचं काम. तुम्हाला पाच वारी, १३ औंसाचा लोकरी किल्ट पुरे. जेमतेम किलोभर भरतो. लोकर भिजली तरी ऊब धरते आणि आठ दिवस घातली तरी वास मारत नाही. पॉलिव्हिस्कोसचा (कृत्रिम धाग्याचा) स्वस्त मिळतो, लवकर वाळतो, पण वाऱ्यात फार उडतो.

लांबी बघून घ्या. गुडघे टेकून ताठ बसलात की काठ जमिनीपासून दोन-तीन बोटं वर राहायला हवा. हा मुद्दा शोभेचा नाही. काठ खाली आला तर भिजून गुडघ्याच्या मागच्या लवणीत घासतो. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या स्कॉटिश हायलँडर शिपायांच्या किल्टचे काठ चिखलाने भरून थंडीत कडक व्हायचे आणि पायांना जखमा करायचे. निऱ्यांत उवा व्हायच्या ते वेगळंच.

सॅकचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं फसतं. पारंपरिक किल्ट बेंबीपाशी बसतो, बक्कलं बाजूला. सॅकचा पट्टा नेमका त्या बक्कलांवर येतो आणि दोन तासांत कंबर सोलून निघते. म्हणून चालण्यासाठीचा किल्ट जीनसारखा खाली, कंबरेच्या हाडावर बसणारा घ्या, शक्यतो बक्कलांऐवजी वेल्क्रोचा. रुंद चामडी पट्टा नको. पुढचा केसाळ बटवा, म्हणजे स्पोरन, घरी ठेवा. चढावर तो सारखा मांडीवर आपटतो.

आत मेरिनो लोकरीची, मांडी झाकणारी चड्डी घाला. 'आत काहीच घालायचं नाही' वगैरे गप्पा लग्नाच्या मांडवात ठीक, १५४ किलोमीटरला नाही.

रात्री तंबूत निऱ्या हाताने नीट लावून किल्ट मॅटखाली पसरा. आपण शाळेची पँट गादीखाली ठेवायचो तसं. सकाळी इस्त्री केल्यासारखा निघतो.

सडाफटिंग

माझं मत वेगळं आहे. मी हाच रस्ता जुलैत साध्या ट्रेकिंग पँटमध्ये केला. इन्व्हरार्ननला संध्याकाळी वारा पडला आणि मिज आले. उघड्या पायांनी आलेले दोघे तंबू न लावता सरळ पबमध्ये पळाले. शिवाय ब्रॅकनच्या (उंच नेच्याच्या) रानात गोचिडी असतात. पातळ, लवकर वाळणारी पँट घ्या आणि वॉटरप्रूफ चढवूच नका, हा माझा अनुभव.

रानवाट

जुलैबद्दल पूर्ण सहमत, तेव्हा मीही संध्याकाळी लांब पँट घालतो. मेच्या शेवटी मिज नुकते सुरू होत असतात. वाऱ्याची झुळूक असली तरी त्यांना उडता येत नाही, म्हणून मुक्काम झाडीत न करता उघड्यावर करा. रात्रीसाठी एक पातळ लेगिंग सॅकमध्ये असू द्या, दीडशे ग्रॅमचं ओझं.

ओवी_डंडी

गोचिडीबद्दल बोलते, कारण मी इथे दवाखान्यात काम करते आणि दर उन्हाळ्यात बघते. गोचीड चावल्याने होणारा लाइम आजार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण किल्टमुळे तो होतोच असंही नाही. उघड्या पोटरीवर गोचीड लगेच दिसते, पँटमध्ये शिरलेली दोन दिवस कळत नाही. भाऊ, मुक्कामी पोचल्यावर रोज गुडघ्यांमागे, जांघेत, कंबरेच्या काठाशी हात फिरवून बघा. खसखशीच्या दाण्याएवढीही असते. गोचीड काढायचा हूक मिळतो, तो खिशात हवाच. त्वचेला लागून धरायची आणि अलगद काढायची. तेल, काडी, व्हॅसलीन असले उपाय करू नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल चट्टा पसरत जाताना दिसला तर थेट डॉक्टर.

गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे आणि वरून गेटर्स (बुटावरून पोटरीला बांधायचं आवरण) घातले की उघडा राहतो तो फक्त गुडघा.

घोंगडीवाला

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आज दिसतो तो शिवलेला छोटा किल्ट अठराव्या शतकातला. त्याआधीचा मोठा किल्ट म्हणजे पाचेक वार लोकरीचा एक सलग पट्टा. जमिनीवर पसरून निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेला भाग खांद्यावर. पाऊस आला की डोक्यावरून, रात्री तेच पांघरूण. आपल्या धनगरांची घोंगडी डोळ्यासमोर आणा: पावसात खोळ, रात्री अंथरूण. गुरांमागे ओल्या डोंगरात फिरणाऱ्यांचा हा पोशाख. १७४६ च्या कायद्याने हायलँडमधल्या पुरुषांना तो बंद केला, सैन्यातल्यांना सूट होती, आणि कायदा उठला थेट १७८२ मध्ये. नंतर तो समारंभाचा झाला. म्हणून डोंगरात किल्ट घातलेला माणूस दिसला की मला फार बरं वाटतं.

कोंडुरा_ते_क्लाइड

सगळ्यांचे आभार. एक शंका राहिली. मी इथला नाही, टार्टन (किल्टचा चौकड्यांचा नमुना) कुठल्या तरी घराण्याचा असतो. गैर दिसेल का?

रानवाट

बिनधास्त घाला. अवघडल्यासारखं वाटत असेल तर ब्लॅक वॉच हा गडद हिरवा-निळा टार्टन घ्या, तो कुणीही घालतं. किंवा साधा एकरंगी ट्वीड (जाड लोकरी कापड). चिखलही कमी दिसतो.

कोंडुरा_ते_क्लाइड (जूनमधला प्रतिसाद)

परवा परतलो. हिरवट ट्वीडचा, पाच वारी, वापरलेला किल्ट ६० पौंडांत मिळाला होता.

इन्व्हरओरनपासून किंग्जहाऊसपर्यंत रॅनख मूरचा उघडा, दलदलीचा माळ तुडवताना तीन तास आडवा पाऊस होता. आडोसा कुठेच नाही. वरून जॅकेट, खाली किल्ट. मांड्यांना शेवटपर्यंत ऊब होती आणि आठ दिवसांत एकदाही काचलं नाही. गुडघे लाल झाले, पण चालताना थंडी जाणवली नाही. ओढ्यात बूट काढून सरळ उतरत होतो, पँट दुमडायची भानगड नाही. डेव्हिल्स स्टेअरकेसच्या चढावर वारा खेळता राहिला, तो आराम शब्दांत सांगता येत नाही.

दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, गुडघ्यांच्या मागे ऊन लागतं. आपण उत्तरेकडे चालतो, दुपारभर सूर्य पाठीशी, तिसऱ्या दिवशी तिथली कातडी भाजली. सनस्क्रीन तिथेही लावा. दोन, काटेरी तारेच्या कुंपणावरची शिडी ओलांडताना मागच्या निऱ्या एका हाताने पुढे घ्या. माझी एक निरी तारेत अडकून बोटभर फाटली.

गोचिडी दोन निघाल्या, दोन्ही पोटरीवर, त्याच संध्याकाळी दिसल्या. ओवीताई, हुकाचा सल्ला लाखमोलाचा.

सॅकचा पट्टा चौथ्या दिवशी थोडा टोचला. निऱ्या मागे जाड होतात तिथे मफलर घडी करून घातला, मग ठीक.

ग्लासगोत कुणाला घ्यायच्या आधी लांबी-कंबर घालून बघायची असेल तर माझा ३४ मापाचा आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.