मदत हवी आहे: लेकीच्या औषधाचा निधी संपत आलाय, निवेदन कुणाकडे द्यावं?

नमस्कार इंदूरकर मंडळी. लेक ७ वर्षांची, गोशे आजार (शरीरात एक एन्झाइम कमी पडल्यामुळे होणारा दुर्मिळ जन्मजात आजार). प्लीहा इतकी वाढली होती की फ्रॉकची बटणं लागत नव्हती. आता दर पंधरा दिवसांनी ते एन्झाइम सलाइनसारखं चढवतात, पोट बरंच बसलंय. परवा राजवाड्यापाशी चक्क धावली!

अडचण पैशाची. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात मदतीची कमाल मर्यादा ५० लाख (२०२२ मध्ये वाढवली, आधी २० लाखच होती). औषध वजनावर मोजून देतात, म्हणजे पोर वाढली की खर्चही वाढतो. आमची मर्यादा संपत आलीय आणि औषध जन्मभराचं.

उपचारासाठी मुंबईला जाता-येता अवंतिका एक्सप्रेसमध्ये भेटलेले आम्ही चार पालक निवेदन देतोय, की मर्यादेनंतरही निधी थांबू नये. मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकतात ती) कलेक्टर ऑफिसला जाऊच. पण पुढे? आधी खासदार की थेट आरोग्य मंत्रालय? आणि सरकारी हिंदीतला मसुदा कुणी तपासून देईल का? माझी हिंदी भाजीबाजारापुरतीच. रामबाग, लोकमान्य नगरकडे कुणी वकील किंवा निवृत्त बाबू ओळखीचे असतील तर मेसेज करा. 'देव बघून घेईल' एवढं मात्र नको, ते रोज ऐकतो.