बोर्डो बंद करून ट्रायकोडर्मा चालेल का? (पोफळी + मिरवेल)

ओहोळाकाठ
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एक एकर कुळागर (सुपारीची बाग). पोफळी 500, त्यांवर मिरवेली (काळ्या मिरीचे वेल) 300. कोळेरोगासाठी (पावसात सुपारी कुजवणारा बुरशीरोग) मिरगाआधी एकदा आणि पुढे 40-45 दिवसांनी घोसांवर 1 टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण), झाडामागे लिटरभर. तेच मिश्रण जूनमध्ये मिरवेलींच्या बुंध्याशी 5-5 लिटर ओततो. खालचा ओहोळ म्हादईला मिळतो, म्हणून तांबं कमी करायचंय. सगळं सोडून ट्रायकोडर्मावर (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) गेलो तर?

मोरचूद
घोसांवर नको. ट्रायकोडर्मा मातीतली बुरशी, धो-धो पावसात सुपारीवर तिचा जम बसत नाही. पण तुमचं तांबं जातंय कुठे ते बघा. मोरचुदात (कॉपर सल्फेट) तांबं साधारण 25 टक्के. घोसांच्या दोन फवारण्या म्हणजे 1000 लिटर, 10 किलो मोरचूद, अडीच किलो तांबं. बुंध्यांना 1500 लिटर, म्हणजे 15 किलो मोरचूद आणि पावणेचार किलो तांबं, तेही एकाच खेपेला! हेक्टरी धरलं तर वर्षाला 15 किलोच्या वर. युरोपात 7 वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलोची मर्यादा आहे. तांबं कुजत नाही, वरच्या थरात साचतं आणि गांडुळांना भोवतं.

तेव्हा बुंध्यांचं बंद करा, घोसांचं राहू द्या.

मिरवेल
सहमत. बुंध्यांना 40 टक्केवालं पोटॅशियम फॉस्फोनेट हे बुरशीनाशक, लिटरला 3 मिली, वेलीला 5 लिटर. पहिल्या पावसानंतर एकदा, ऑगस्टअखेर पुन्हा. ते वेलीत वरही चढतं, मुळांकडेही उतरतं. जलद मर (मिरवेल झटपट सुकवणारा रोग) मुळांतून शिरते, तिथे हे उपयोगी. खत म्हणून धरू नका, त्यातला स्फुरद झाडाला लागत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर आधी विचारून घ्या.

ट्रायकोडर्मा याच्याबरोबर नांदतो. 90 किलो कुजलेलं शेणखत, 10 किलो निंबोळी पेंड, 1 किलो ट्रायकोडर्मा. मूठ वळली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओल. सावलीत ओलं गोणपाट टाकून 15 दिवस, मध्ये एकदा उलथा. ताजं शेण घातलं तर ढीग तापतो आणि सगळं वाया. वरून ठिबकणारं बोर्डो ट्रायकोडर्माला मारक, म्हणून फवारणीनंतर निदान 15 दिवसांनी हे खत बुंध्यांशी घाला.

ओहोळाकाठ
फॉस्फोनेट बोर्डोतच मिसळून घोसांवर मारलं तर? पाडेली (झाडावर चढणारा गडी) एकदाच चढेल. हल्ली मिळतोच कुठे.

मोरचूद
अजिबात नको. बोर्डोत चुन्यामुळे तांबं बांधलेलं असतं. फॉस्फोनेटच्या आम्लपणाने ते सुटतं आणि कोवळी सुपारी करपते.

मेटॅलॅक्झिल हे बुरशीनाशकही एकटं वापरू नका. त्याचा वार बुरशीच्या एकाच ठिकाणी होतो, ती लवकर सरावते. तांबं अनेक ठिकाणी मारतं, म्हणून सव्वाशे वर्षांहून जास्त टिकलंय.

घोसांवरचं जे मारताय ते नीट बनलं तर तिसऱ्या फवारणीची पाळी सहसा येत नाही. 1 किलो मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात 50 लिटर पाण्यात, कापडात बांधून वर टांगलं की लवकर विरघळतं. 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 50 लिटरमध्ये विरवून गाळायचा. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात, ढवळत. उलटं केलं तर दाणे जाड होतात, नोझल तुंबतं. घासलेला कोयता मिनिटभर बुडवा. लालसर पुट चढलं तर तांबं मोकळं आहे, पुट चढायचं थांबेपर्यंत चुन्याची निवळी घाला. उघडा पडलेला चुना हवेने मेलेला असतो, किलोला किलो घालूनही पुरत नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. त्याच दिवशी संपवा.

मिरवेल
ओहोळाकडच्या दोन रांगांना फवारणीऐवजी पावसाआधी घोसांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा, खालचं तोंड उघडं ठेवून. पिंपं-पंपही ओहोळात धुऊ नका. मासळीला थोडं तांबंही पुरतं.