मदत हवी आहे: सर्मोरेलिन घ्यावे, की सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिनची जोडी?

घाटमाथा: वय ५२. वार्धक्य लांबवण्यासाठी या दोहोंपैकी कोणते इंजेक्शन घ्यावे, हे लगेच ठरवायचे आहे, कारण दवाखान्याची सवलत रविवारी संपते. ज्यांनी वापरले आहे त्यांनीच लिहावे. व्यायामाचे महत्त्व मला ठाऊक आहे.

नीरक्षीर: आपल्याला नेमके काय साधायचे आहे? झोप, सुटलेले पोट, की सुरकुत्या? रक्तातील साखर किती आहे? ही पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखे छोटे रेणू, पीयूषिका ग्रंथीला वाढीचे संप्रेरक सोडायला लावतात, आणि त्या संप्रेरकाने साखर चढू शकते.

चाळीशीपार: माझे ऐकाल तर सुयांचा नाद सोडा आणि तांबेयुक्त जीएचके पेप्टाइडचे सीरम लावा. जीएचके मानवी रक्तद्रवातच सापडले, तेही १९७३ मध्ये. मी आठ महिने रोज रात्री लावते आहे. डोळ्यांखालची त्वचा मऊ झाली, सुरकुत्या मात्र बहुतेक होत्या तशाच आहेत.

नीरक्षीर: ताई, त्यांनी इंजेक्शनांबद्दल विचारले आहे.

चाळीशीपार: चेहरा नको, असे त्यांनी कुठे म्हटले आहे?

दंडबैठक: माझा दुखरा खांदा बीपीसी-१५७ या पेप्टाइडने सहा आठवड्यांत बरा झाला. तेच घ्यावे.

नीरक्षीर: खांदा सहा आठवड्यांच्या विश्रांतीनेही बरा होतो. बीपीसीचे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत आणि २०२२ पासून ते खेळाडूंना निषिद्ध आहे. मूळ प्रश्नाबद्दल: सर्मोरेलिनला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली, ती मुलांच्या खुंटलेल्या वाढीसाठी, ते रक्तातून काही मिनिटांतच ओसरते. सीजेसी-१२९५ चा डीएसी (औषध रक्तात टिकवून धरणारा जोड) जोडलेला प्रकार मात्र कित्येक दिवस टिकतो, त्यामुळे काही बिघडलेच तर ते लवकर उतरतही नाही. वार्धक्यासाठी यांपैकी एकालाही तिथे मान्यता नाही. कुपीवर काय छापले आहे?

घाटमाथा: "केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही" असे बारीक अक्षरांत आहे; दवाखान्यातील मुलगी म्हणाली की तसे लिहावेच लागते. एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) गेल्या महिन्यात ६.३ होते, पण त्याचा येथे काय संबंध?

नीरक्षीर: ६.३ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सवलत जाऊ द्या; आधी एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना (संप्रेरकतज्ज्ञांना) ही कुपी आणि तो अहवाल दोन्ही दाखवा.

घाटमाथा: दाखवतो. तोवर एवढेच सांगा, इंजेक्शन उपाशीपोटी घ्यायचे असते की जेवणानंतर?