मदत हवी आहे : वसईच्या युवा गटाचं केनियातलं आरोग्य शिबिर (परवाने, औषधं, मुलांची कामं)

निर्मळकर
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवा गटाला केनियातल्या होमा बे काउंटीत, एका मिशन दवाखान्यासोबत ४ दिवसांचं मोफत शिबिर घ्यायचं आहे. तिथल्या फादरांचं निमंत्रण आहे. ३ डॉक्टर, १ डेंटिस्ट, २ नर्स आणि १७ ते २४ वयाची १४ मुलं-मुली असा गट. सुट्टी बघून एप्रिल-मे ठरवतोय. डॉक्टरांना ई-टीए पुरेल का? रविवारच्या मिस्सानंतर लोक औषधं आणून देताहेत, ती नेता येतील का? वैद्यकीय शिक्षण नसलेल्या मुलांना काय काम द्यायचं? लशी कुठल्या? आणि खर्च धर्मग्रामाच्या ट्रस्टमधून केला तर चालेल का?

किसुमूकर
आधी तारीख बदला. मार्च ते मे हा इथला, म्हणजे केनियातला, मोठा पाऊस. होमा बेच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर गाडी रुतते, रुग्ण येऊ शकत नाहीत आणि पावसामागोमाग मलेरिया वाढतो. दिवाळीच्या सुट्टीत छोटा पाऊस असतो. जूनचा दुसरा-तिसरा आठवडा किंवा जानेवारी-फेब्रुवारी बघा.

ई-टीए म्हणजे प्रवासाची परवानगी, रुग्ण तपासण्याची नव्हे. डॉक्टर आणि डेंटिस्ट दोघांनाही केनिया मेडिकल प्रॅक्टिशनर्स अँड डेंटिस्ट्स कौन्सिलचा तात्पुरता परवाना लागतो, नर्सना नर्सिंग कौन्सिलचा. अर्ज यजमान दवाखान्यामार्फत करा. त्यासाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे आणि कारवाई नाही असा दाखला) लागतं. डेंटिस्ट आणि नर्स यांनी ते आपापल्या कौन्सिलकडून घ्यायचं. सगळं याच कागदावर अडतं, म्हणून तिकिटांच्या आधी त्याच्या मागे लागा. इमिग्रेशनच्या स्पेशल पासचंही (थोड्या दिवसांच्या कामाची परवानगी) फादरांनाच बघायला सांगा. २०१३ पासून आरोग्यसेवा काउंटी सरकारांकडे आहे, त्यामुळे शिबिराची तारीख आणि जागा काउंटीच्या आरोग्य कार्यालयाला लेखी कळवून त्यांचं पत्र हातात ठेवा. फादरांचं निमंत्रण हा परवाना नाही.

औषधपेटी
गोळा केलेली औषधं नेऊ नका, आजच थांबवा. देणारे मनापासून देतात, म्हणून हे हळुवारपणे पण स्पष्ट सांगावं लागेल. औषधदानाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे नियम सरळ आहेत : घरोघरून परत आलेली औषधं नकोत, डॉक्टरांना मिळालेली सॅम्पल्स नकोत, आणि पोचल्यावर किमान १ वर्ष मुदत शिल्लक हवी. अर्धी कापलेली स्ट्रिप हे एक उदाहरण. एक्सपायरी आणि बॅच नंबर नेमका कापलेल्या तुकड्यावर गेलेला असतो. ती गोळी कोणत्या उन्हात पडून होती हेही कळत नाही. शिवाय आयातीला केनियाच्या फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची परवानगी लागते आणि त्या यादीत जेनेरिक नाव, ताकद, बॅच, मुदत, उत्पादक, संख्या हे सगळं भरावं लागतं. गोळा केलेल्या ढिगाची अशी यादी होतच नाही.

त्यापेक्षा पैसे गोळा करा आणि औषधं तिथेच घ्या. नैरोबीत मिशन फॉर एसेन्शियल ड्रग्ज अँड सप्लाइज, म्हणजे 'मेड्स', ही १९८६ पासूनची संस्था आहे. कॅथलिक बिशपांची परिषद आणि ख्रिश्चन हेल्थ असोसिएशन या दोघांची मिळून. मिशन दवाखाने तिथूनच औषधं मागवतात. तुमच्या फादरांच्या दवाखान्याच्या नावाने ऑर्डर द्या, म्हणजे उरलेला साठाही त्यांच्या उपयोगी पडेल. ट्रॅमाडॉल, कोडीन, डायझेपाम सामानात अजिबात नको.

इथून न्यायचं ते असं : २ डिजिटल बीपी मशिन आणि एक मोठा कफ, ग्लुकोमीटर (पट्ट्या ३० अंशांच्या वर तापल्या की रीडिंग चुकतं, डबी सावलीत ठेवा), वाचायचे चष्मे +१.०० ते +३.००, त्यात +१.५० ते +२.५० जास्त. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं चौकोनी तीन पिनांचं आहे, अडॅप्टर घ्या. कॅरीबॅगवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, कडक शिक्षा आहे. गोळ्या कागदी पाकिटात द्या आणि पाकिटावर सूर्य-चंद्र काढून खाली गोळ्यांचे टिंब मारा. सकाळी २, रात्री १ हे न वाचताही कळतं.

निर्मळकर
बापरे, दोन खोकी भरली होती. उद्याच फादरांशी बोलतो. लशी आणि मुलांचं कुणी सांगेल का?

डॉ. सुईधागा
यलो फीव्हरची लस सगळ्यांना. केनियाहून येणाऱ्या प्रत्येकाकडे भारत पिवळं कार्ड (या लसीचा दाखला) मागतो, आपल्या नागरिकांकडेही. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं आणि एकच डोस आयुष्यभर चालतो. सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, मूळ पासपोर्ट न्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार आणि ६० च्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लस जिवंत विषाणूची आहे. एमएमआर किंवा कांजिण्यांची घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाहीतर ४ आठवड्यांचं अंतर ठेवा. सोबत टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताचा बूस्टर.

मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ रोज, निघण्याच्या १-२ दिवस आधीपासून परतल्यावर ४ आठवडे. परत आल्यावर बरं वाटतंय म्हणून मुलं बंद करतात आणि मग ताप येतो. जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. उन्हाने त्वचा भाजते, टोपी हवी. व्हिक्टोरिया सरोवरात पाय बुडवायचा नाही : शिस्टोसोमा हा पाण्यातला परजीवी जंत त्वचेतून शिरतो. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना हे दोनदा सांगा.

आपल्या डॉक्टरांसाठी एक. इथल्या व्हायवॅक्स मलेरियाच्या सवयीने क्लोरोक्विन लिहू नका. तिथे फाल्सिपेरम हा जास्त घातक मलेरिया आहे आणि तो क्लोरोक्विनला दाद देत नाही. आधी रॅपिड टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन. ३५ किलोच्या वर २०/१२० मिग्रॅच्या ४ गोळ्या दिवसातून दोनदा, ३ दिवस, एकूण २४. दुसरा डोस ८ तासांनी. दूध किंवा तेलातुपाच्या खाण्याबरोबर, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही.

मुलांनी सुई, रक्त, ड्रेसिंग, दात यांना हात लावायचा नाही. इथे जे करू दिलं नसतं ते तिथेही नाही, तिथल्या माणसाचा जीव काही कमी मोलाचा नाही. त्यांची खरी गरज नोंदणीला लागते. एका डॉक्टरमागे दिवसाला ४० ते ५० रुग्ण नीट होतात, म्हणजे तिघांचे १५० टोकन. त्याहून जास्त वाटली की तपासणी दोन मिनिटांवर येते. दोघं टोकनवर, दोघं वजन-उंचीवर, चौघं चष्म्यांवर, दोघं पाकिटांवर चित्रं काढायला (गोळ्या मोजणं तिथल्या फार्मासिस्टच्या नजरेखाली), बाकीचे रांगेत पाणी आणि म्हाताऱ्यांना सावली. ताप असलेलं बाळ आणि धाप लागलेला माणूस रांगेतून लगेच पुढे, हे सगळ्यांना पाठ हवं. गावात धोलुओ बोलतात, दर टेबलाला एक दुभाषा मागा.

सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा आणि लगेच जवळच्या रुग्णालयात. पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं, ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. होमा बेत एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे रुग्णालयाचा पत्ता आधीच लिहून ठेवा.

हिशेबतपासनीस
ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च केला तर सीबीडीटीच्या (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या) पूर्वमंजुरीशिवाय त्यावर आयकराची सूट मिळत नाही. सोपा मार्ग : तिकीट, विमा ज्याचा त्याने, आणि औषधांचे पैसे प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत पाठवायचे. १८ खालच्यांसाठी दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र. रुग्णांचे फोटो ग्रुपवर टाकू नका, केनियात २०१९ पासून डेटा संरक्षण कायदा आहे.

निर्मळकर
सगळ्यांचे आभार. शेवटचं एक : बीपी, शुगरच्या रुग्णांना किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या?

किसुमूकर
शिबिरात नवीन सुरू करू नका. एका रीडिंगवर निदान होत नाही आणि १० दिवसांची पाकिटं संपल्यावर माणूस होता तिथेच राहतो. १४०/९० च्या वर आलं तर ५ मिनिटं बसवून पुन्हा मोजा, तरीही वर असेल तर नाव, गाव आणि दोन्ही रीडिंग दवाखान्याच्या रजिस्टरात लिहून पुढच्या तपासणीची तारीख द्या. खूपच वर असेल, किंवा छातीत दुखणं, धाप, नजर अंधुक असं काही असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात. शिबिराच्या पैशांतला एक हिस्सा त्या रजिस्टरमधल्या लोकांच्या ६ महिन्यांच्या गोळ्यांसाठी मेड्सच्या ऑर्डरमध्येच धरा. दवाखान्यातल्या नर्सला पहिल्या दिवसापासून तुमच्या टेबलावर बसवा. नंतर तीच त्यांना बघणार आहे.